फोटोतल्या बाईचं नाव



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मावशींच्या घराची मागची भिंत पडली. मातीचं घर, रात्रभर पाऊस, पहाटे भिंत बसली. मावशी आणि त्यांची नात पुढच्या खोलीत झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. सकाळी आम्ही सगळ्याजणी गेलो. कुणी चहा नेला, कुणी ताडपत्री. मग आमच्यातल्या एकीनं मोबाइल काढला आणि म्हणाली, "मावशी, त्या ढिगाजवळ बसा, नातीला मांडीवर घ्या. फोटो सगळ्या ग्रुपवर टाकते, मदत येईल." मावशी काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत.

त्या दिवशी आमच्यात दोन बाजू पडल्या. एकीकडच्या म्हणाल्या, आजकाल फोटो बघितल्याशिवाय कुणाचा हात खिशात जात नाही, मावशींनी उगाच लाजायचं कारण नव्हतं. दुसरीकडच्या म्हणाल्या, पडलेल्या घरापुढं बसलेली बाई म्हणून उद्या त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांनी फोटो बघितला तर? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं. बैठक संपली, पण प्रश्न काही संपला नाही. तेव्हा आम्ही जुन्या काळातल्या दोन हकिकती शोधून वाचल्या. एक अमेरिकेतली आहे, दुसरी आपल्याच देशातली. आज त्या तुम्हाला सांगतो.

पहिल्या हकिकतीच्या मध्यभागी एक फोटो आहे. रेडिओवर तो दाखवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. एक बाई बसली आहे. उजवा हात गालाशी टेकलेला, कपाळावर आठ्या, नजर लांब कुठंतरी. तिच्या दोन्ही खांद्यांवर दोन लेकरं रेलली आहेत, पण दोघांनीही तोंड पलीकडं फिरवलंय. मांडीवर तान्हं बाळ. अंगावरचे कपडे विरलेले. एवढाच फोटो. इंग्रजीत त्याला ‘मायग्रंट मदर’ म्हणतात. आपण म्हणू, पोटासाठी गाव सोडलेली आई. जगात सगळ्यात जास्त वेळा छापल्या गेलेल्या फोटोंमध्ये त्याची गणना होते.

हा फोटो १९३६ सालचा. त्याच्या सात वर्षं आधी, १९२९ मध्ये, अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला होता. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, शेतमालाचे भाव मातीमोल झाले. त्यातच ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांत वर्षानुवर्षं पाऊस पडला नाही आणि धुळीची मोठमोठी वादळं उठली. माणसं जुन्या मोटारींत संसार भरून पश्चिमेला कॅलिफोर्नियाकडं निघाली. तिथं कापूस वेचायचा, वाटाणा तोडायचा, फळं काढायची. एक पीक उरकलं की पुढच्या शेतावर जायचं. मुक्काम तंबूत किंवा झाडाखाली. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यांपुढं आणा, म्हणजे हे वेगळं समजावून सांगायला नको.

तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनं अशा कुटुंबांसाठी एक खातं काढलं होतं. पण शहरातल्या लोकांना ही गरिबी दिसतच नव्हती. न दिसलेल्या गरिबीवर सरकारनं पैसा का खर्चावा, असा त्यांचा सवाल होता. म्हणून त्या खात्यानं पगारी फोटोग्राफर नेमले. गावोगाव फिरा, फोटो काढा, ते वर्तमानपत्रांना फुकट देऊ, असं ते काम होतं. फोटोंचा हेतू आधीच ठरलेला होता, आणि तो हेतू चांगला होता, हे दोन्ही आपण लक्षात ठेवू.

त्या फोटोग्राफरांमध्ये डोरोथिया लँग नावाची बाई होती. जन्म १८९५ चा. सातव्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून ती लंगडत चालायची. सॅन फ्रान्सिस्को शहरात तिचा स्टुडिओ होता, तिथं पैसेवाल्यांचे फोटो काढायची. मंदीच्या काळात स्टुडिओच्या खिडकीतून खाली बेकारांची गर्दी दिसायला लागली, तेव्हा ती कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरली. म्हणजे ही बाई माणसं वापरून घेणारी नव्हती. तिच्या मनात कळकळ होती.

मार्च १९३६ च्या सुरुवातीची गोष्ट. महिनाभर फिरून लँग मोटारीनं घरी निघाली होती. पाऊस चालू होता. निपोमो नावाच्या ठिकाणी रस्त्याकडेला वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळाची पाटी दिसली. ती पाटी मागं टाकून वीस मैल पुढं गेली, पण मन लागेना, म्हणून परत वळली. तळावर हजारो माणसं अडकली होती. गारठा आणि पावसानं वाटाण्याचं पीक गेलं होतं, त्यामुळं मजुरीही गेली होती. एका कापडी आडोशाखाली एक बाई लेकरं घेऊन बसली होती. लँगनं तिचे सहा-सात फोटो काढले आणि थोड्याच वेळात ती निघून गेली. पुढं १९६० मध्ये तिनं स्वतःच लिहिलं, की मी त्या बाईला ना नाव विचारलं, ना तिची कहाणी. वय बत्तीस एवढं तिनं सांगितलं. शेतातली गारठलेली भाजी आणि पोरांनी मारलेली पाखरं खाऊन दिवस काढतोय, आणि मोटारीचे टायरही विकलेत, असंही ती म्हणाल्याचं लँगनं लिहून ठेवलं.

आता त्या सहा-सात फोटोंकडं बघू. पहिला लांबून काढलेला आहे. त्यात सगळा आडोसा दिसतो, आजूबाजूचं सामान दिसतं, आणि झुलत्या खुर्चीत बसलेली एक मोठी मुलगीही दिसते. पुढच्या प्रत्येक फोटोत लँग जवळ जवळ सरकत गेली. मोठी मुलगी चौकटीबाहेर गेली. सामान गेलं. शेवटच्या फोटोत आई आणि तीन लहान लेकरं एवढीच उरली. त्या बाईला खरं तर सात मुलं होती. सोबतचा पुरुष थोरल्या मुलांना घेऊन मोटार दुरुस्तीच्या खटपटीत गावात गेला होता. फोटोत खोटं काही नाही, पण बघणाऱ्याला वाटतं की ही बाई एकटी आहे, तिचं कुणी नाही, आणि तिच्याजवळ काही नाही. ज्या चौकटीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं हे ठरतं, तिथंच निम्मा अर्थ ठरून जातो.

आणखी एक बारीक गोष्ट. मूळ फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसत होता. तो नजरेला खटकतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी मूळ फिल्मवरून तो पुसट करून टाकला. आज मोबाइलवर आपण फोटो गोरा करतो, मागची कचराकुंडी कापतो. ते काम तेव्हाही होत होतंच.

फोटोचा परिणाम मात्र लगेच झाला. १० आणि ११ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रात ते फोटो छापून आले. लोक हळहळले. सरकारनं निपोमोच्या तळावर वीस हजार पौंड, म्हणजे सुमारे नऊ टन धान्य-सामान पाठवलं. उपाशी माणसांच्या तोंडी घास पडला. मैत्रिणींनो, ही गोष्ट छोटी नाही. लाखो शब्द लिहून जे झालं नसतं ते एका फोटोनं दोन दिवसांत केलं. पण ते सामान तळावर पोहोचलं तेव्हा फोटोतली बाई तिथं नव्हती. मोटार दुरुस्त होताच तिचं कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेलं होतं.

त्यानंतर तो फोटो पुस्तकांत आला, मासिकांत आला, प्रदर्शनांत भिंतीवर लागला. अमेरिकेतल्या मंदीबद्दल पोरं शाळेत शिकायची ती हाच फोटो बघून. धुळीच्या वादळांनी हुसकावलेली गोरी शेतकरीण, अशी तिची ओळख लोकांच्या मनात पक्की बसली. चाळीसेक वर्षं तिला नाव नव्हतं.

मग १९७८ मध्ये मोडेस्टो या गावातल्या एका बातमीदाराला ती सापडली. तिथल्या फिरत्या घरांच्या वस्तीत ती राहत होती. नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. तिनं आणि तिच्या मुलांनी जे सांगितलं त्यानं फोटोखालची कितीतरी वाक्यं खोटी ठरली. ती गोरी शेतकरीण नव्हती. तिचे आईवडील चेरोकी होते, म्हणजे अमेरिकेतले मूळचे आदिवासी. ती कॅलिफोर्नियात पहिल्यांदा आली ती धुळीच्या वादळांच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकात. पहिला नवरा १९३१ मध्ये क्षयानं गेला, तेव्हा पदरी पाच मुलं होती आणि सहावं पोटात. त्यानंतर ती शेतात कापूस वेचत होती, दवाखान्यात काम करत होती, स्वयंपाक करत होती, मिळेल ते करत होती. निपोमोच्या तळावर ते राहायला गेलेच नव्हते. मोटार बिघडली म्हणून तिथं थांबले होते. टायर विकल्याची गोष्ट तर मुलांना मुळीच पटली नाही. टायर विकले असते तर आम्ही तिथून निघालो कसे असतो, हा त्यांचा साधा सवाल होता.

लँगनं मुद्दाम खोटं लिहिलं असं आम्हाला वाटत नाही. त्या दिवसांत ती शेकडो कुटुंबांना भेटत होती. एकाची हकिकत दुसऱ्याच्या नावावर चढली असेल. आणि इथं तर चढवायला नावही नव्हतं. नाव विचारून वहीत टिपलं असतं, तर चूक झाली तरी ती कधीतरी कुणी दुरुस्त केली असती. बिननावाच्या बाईबद्दल कुणी काहीही लिहावं, ती नाही म्हणायला कुठं येणार?

फ्लॉरेन्सबाई चिडल्या होत्या. त्याआधी १९५८ मध्येही एका मासिकात हा फोटो बघून त्यांनी पत्र लिहून हरकत घेतली होती. आता त्या म्हणाल्या, की फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. फोटो विकणार नाही, एक प्रत पाठवते, असं ती बाई म्हणाली होती. प्रत आली नाही, आणि मला यातून एक पैसा मिळाला नाही. खरं म्हणजे लँगलाही या फोटोचे वेगळे पैसे मिळाले नव्हते. ती पगारावर होती आणि फोटो सरकारच्या मालकीचा, म्हणजे कुणीही छापावा असा होता. पण फोटोनं लँगला नाव दिलं. फ्लॉरेन्सबाईंचं नाव त्यातून पुसलं गेलं. दुःख पैशाचं होतं, त्याहून अधिक या गोष्टीचं होतं.

त्यांच्या एका मुलीनं पुढं सांगितलं, की आम्हाला त्या फोटोची लाज वाटायची, तो आमचाच आहे हे कुणाला कळू नये असं वाटायचं. फोटोत पाठ फिरवलेल्या दोन लेकरांतली ती एक. जगानं त्या फोटोत आईची माया बघितली. घरातल्यांनी त्यात आपल्या दारिद्र्याचा डाग बघितला. फोटो तोच, पण घरातून बघताना वेगळा आणि बाहेरून बघताना वेगळा.

हकिकत इथंच संपली असती तर आम्ही मावशींच्या बाजूनं निकाल देऊन मोकळ्या झालो असतो. पण १९८३ मध्ये फ्लॉरेन्सबाई फार आजारी पडल्या. दवाखान्याचा खर्च झेपेना. तेव्हा मुलांनी याच फोटोच्या आधारानं लोकांना हाक दिली. देशभरातून हजारो पत्रं आली आणि तीस हजार डॉलरांहून जास्त रक्कम जमली. फोटोनं आम्हाला धीर दिला होता, असं लोकांनी पत्रांत लिहिलं. ती पत्रं वाचून मुलांनाही त्या फोटोकडं नव्यानं बघता आलं. त्याच वर्षी फ्लॉरेन्सबाई वारल्या. पंधरा वर्षांनी, १९९८ मध्ये, लँगच्या अक्षरातल्या टिपणासह या फोटोची एक जुनी प्रत लिलावात दोन लाख चव्वेचाळीस हजार पाचशे डॉलरांना विकली गेली.

आता दुसरी हकिकत, आपल्या देशातली. अमेरिकेतलं सरकार गरिबी दाखवायला फोटो काढून घेत होतं. इथं उलट होतं. सरकारला भूक झाकायची होती.

१९४३ साली बंगालात लाखो माणसं उपासमारीनं आणि त्यामागून आलेल्या रोगांनी मेली. हा आकडा तीस लाखांपर्यंत सांगितला जातो. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रज सरकारनं किनाऱ्याकडच्या होड्या काढून घेतल्या, त्यामुळं मासेमारीही बसली आणि धान्याची ने-आणही. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोठं चक्रीवादळ आलं. तांदळाचे भाव इतके चढले की शेतमजुराला तो परवडेना. माणसं गावं सोडून कलकत्त्याच्या फूटपाथवर येऊन पडली. पण सरकारनं दुष्काळ जाहीरच केला नाही. युद्धाच्या नावाखाली बातम्यांवरही बंधनं होती.

कलकत्त्यात ‘द स्टेट्समन’ नावाचं इंग्रजी दैनिक निघायचं. मालकी इंग्रजांची, संपादक इयान स्टीफन्सही इंग्रज. शब्दांवर पहारा आहे, पण फोटो छापता येतील, हे त्यांनी ताडलं. त्यांनी फोटोग्राफर रस्त्यावर पाठवले आणि २२ ऑगस्ट १९४३ च्या अंकात फूटपाथवरच्या उपाशी बायामुलांचे फोटो छापले. पुढच्या रविवारी आणखी छापले. ते अंक दिल्लीला गेले, परदेशात गेले. दुष्काळ नाहीच असं म्हणणं त्यानंतर कुणालाही कठीण झालं. ऑक्टोबरात नवे व्हाइसरॉय वेव्हेल आले, कलकत्त्याला गेले आणि त्यांनी मदतीच्या कामाला लष्कर लावलं. याच दुष्काळात सुनील जाना या तरुण फोटोग्राफरनं बंगालात फिरून काढलेले फोटो मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या पत्रात आले, त्यामुळं इकडच्या वाचकांनाही तिकडचं मरण दिसलं.

त्या फोटोंतल्या बायकांचीही नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांना विचारून फोटो काढले असतील असं वाटत नाही, आणि फोटो छापून येईपर्यंत त्यांतल्या कितीजणी जगल्या कोण जाणे. तरीही ते फोटो निघाले नसते तर आणखी माणसं गुपचूप मेली असती. म्हणून फोटो काढूच नये असं म्हणायला आमची जीभ धजत नाही.

पण तिथंही चौकटीबाहेर पुष्कळ काही राहिलं. फोटो आले ते शहराच्या फूटपाथवरचे. जास्त माणसं मेली ती लांबच्या खेड्यांत, आपापल्या घरात, जिथं कॅमेरा गेला नाही. आणि फोटोत हाडांचे सापळे दिसले, पण तांदळाचा भाव दिसला नाही, काढून नेलेल्या होड्या दिसल्या नाहीत. त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं की भूक ही वादळासारखी वरून आली. ती कुणाच्या निर्णयांमुळं आली, हे फोटोखालच्या शब्दांनी सांगावं लागतं. ते शब्द नसतील तर दया येते आणि प्रश्न मात्र विचारला जात नाही.

या दोन हकिकती आम्ही पुढच्या बैठकीत वाचून दाखवल्या. मावशीही बसल्या होत्या. आम्ही त्यांना म्हणालो, "मावशी, त्या दिवशी आम्ही तुम्हाला न विचारताच सगळं ठरवलं, ते चुकलं. आता तुम्हीच सांगा." मावशींनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "पडक्या भिंतीचा काढा. माझा आणि नातीचा नको. आणि खाली लिहा, की या बाईनं गटाचा एकही हप्ता चुकवला नाही."

आम्ही तसंच केलं. भिंतीचा फोटो काढला, खाली मावशींनी सांगितलेली ओळ लिहिली. त्या शेवटच्या ओळीनं किती फरक पडला ते आम्हालाही आधी कळलं नव्हतं. ढिगाजवळ बसवलेली बाई बघून लोक बिचारी म्हणाले असते. ही ओळ वाचून लोक म्हणाले, यांना उभं केलं पाहिजे. तलाठ्यांनी पंचनामा केला, त्यालाही फोटो लागलाच. गटातून अंतर्गत कर्ज दिलं, काहींनी विटा दिल्या, काहींनी श्रमदान केलं. भिंत दिवाळीच्या आधी उभी राहिली.

त्या बैठकीत आम्ही ठराव लिहिला, तोही सांगून टाकतो. कुणाचाही फोटो काढण्याआधी त्या बाईला विचारायचं, आणि ती गप्प बसली तर ते होकार धरायचं नाही. फोटो कुठं जाणार आहे हे तिला सांगायचं. फोटोखाली काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवायचं. तिला चालत असेल तर नाव लिहायचं, चालत नसेल तर चेहरा दाखवायचा नाही. आणि बाहेरच्या कुणी येऊन आपल्या गटाचा फोटो काढला, तर एक प्रत मागून घ्यायची. लाजायचं नाही, ती आपली आहे. दुसऱ्या कुणाचा फोटो आपल्या मोबाइलवर आला तरी पुढं ढकलण्याआधी क्षणभर थांबून विचारायचं, की हा कुणी काढला, कशासाठी काढला, आणि यात काय दाखवलेलं नाही.

शेवटी एक काम सांगतो. आमच्या गटाच्या पेटीत गट स्थापन झाल्या दिवशीचा फोटो आहे. परवा काढून बघितला, तर मागच्या रांगेतल्या दोघींची नावं कुणालाच आठवेनात. एक लग्न होऊन गेली असावी, एक बहुतेक वारली. आपल्याच फोटोत आपल्याच बाया बिननावाच्या झाल्या होत्या. दोन दिवस विचारपूस केली, तेव्हा नावं मिळाली, आणि आम्ही ती फोटोच्या मागं पेननं लिहिली. तुमच्याही पेटीत असा फोटो असेल. पुढच्या बैठकीला तो काढा, म्हाताऱ्या बायांना जवळ बसवा, आणि डावीकडून उजवीकडं एकेकीचं नाव लिहून ठेवा.